गाणे कोणी म्हटले, कोणासाठी म्हटले? मुंबईच्या लोकगीतांविषयी वाचकांचे प्रश्न

मुंबईत बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या लोकांनी आपल्याबरोबर आणलेल्या गाण्यांविषयी वाचकांनी प्रश्न विचारावेत, असे आवाहन आम्ही मागील अंकात केले होते. आलेल्या पत्रांपैकी काही निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. ज्या प्रश्नांचा आशय सारखा होता ते एकत्र केले आहेत.

प्रश्न : माझे आजोबा संगमेश्वर तालुक्यातून गिरणीत नोकरीला आले. गणपतीच्या आधी आमच्या लालबागच्या चाळीत शक्ती-तुऱ्याच्या तालमी चालत आणि ‘ही आपली पिढीजात गाणी’ असे आजोबा अभिमानाने सांगत. त्यांच्या पश्चात त्यांची वही हाती आली तेव्हा तीत गणेशस्तवनाच्या शेजारीच गिरणीचा संप, धान्याची महागाई, एवढेच काय, ग्रामस्थ मंडळाच्या कार्यकर्त्यांची नावेही आढळली. अशा गाण्यांना पारंपरिक लोकगीत म्हणता येईल का? (एक वाचक, लालबाग)

उत्तर : निःसंशय म्हणता येईल, आणि ती वही आपण जपून ठेवावी अशी आमची आग्रहाची विनंती आहे. लोकगीत म्हणजे ज्याचा कर्ता अज्ञात आणि ज्याचे शब्द शेकडो वर्षे न बदललेले, अशी एक समजूत पाठ्यपुस्तकांमुळे रूढ झाली आहे. कोकणातल्या जाखडीला, म्हणजेच शक्ती-तुरा किंवा मुंबईत ‘बाल्या नाच’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकाराला, ही समजूत लागूच पडत नाही. तेथे परंपरेने चालत आलेली असते ती मांडणी : आरंभी स्तवन आणि गण, मग गौळण, आणि त्यानंतर शक्तीवाले व तुरेवाले यांच्यातील सवाल-जवाब, ज्यात एक पक्ष शक्तीचे आणि दुसरा शिवाचे श्रेष्ठत्व पुराणांतले दाखले देऊन मांडतो. शब्द मात्र प्रत्येक शाहिराने स्वतः रचायचे असतात. नवे रचता येणे हीच त्या परंपरेची अट आहे, त्यामुळे संप आणि महागाई वहीत येणे हे परंपरेला धरूनच झाले.

आपल्या आजोबांची पिढी कोणत्या परिस्थितीत गात होती, तेही पाहू. मुंबईतली पहिली कापड गिरणी 1854 साली कावसजी दावर यांनी स्थापन केली आणि पुढच्या काही दशकांत रत्नागिरी जिल्हा हा गिरण्यांना माणसे पुरवणारा सर्वांत मोठा प्रदेश ठरला. घाटावरून, म्हणजे सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांतूनही माणसे आली, पण कोकणातल्या माणसाला बोटीचा रस्ता सोयीचा होता. बहुतेक जण एकटे येत. एका खोलीत एकाच गावची दहा-वीस माणसे राहत, जेवण खानावळीत, आणि पाळ्या वेगवेगळ्या असल्यामुळे एकाचे अंथरूण दुसऱ्याच्या उपयोगी पडे. ही गावकीची खोली हेच त्या गावाचे मुंबईतले देऊळ, पतपेढी आणि तालीमघर होते. ढोलकी आणि झांजा खुंटीला टांगलेल्या असत आणि दुसरी पाळी सुटल्यावर तालीम बसे.

गावात जाखडी अंगणात किंवा देवळाच्या सभामंडपात होते. गाणारे आणि वाजवणारे मधोमध असतात, पायांत चाळ बांधलेले नाचणारे त्यांच्याभोवती गोल फिरतात आणि बघणारे चहूबाजूंनी उभे असतात. मुंबईत हाच नाच परळच्या दामोदर नाट्यगृहासारख्या रंगमंचावर आला, तेव्हा बघणारे एकाच बाजूला बसले, वर्तुळाला प्रेक्षकांकडे तोंड करावे लागले, ध्वनिक्षेपक आला आणि तिकीट आले. त्या तिकिटाच्या पैशांतून गावच्या देवळाचा जीर्णोद्धार होई किंवा शाळेला हातभार लागे. वहीत मंडळाच्या कार्यकर्त्यांची नावे का आहेत, याचे उत्तर बहुधा येथेच मिळेल. सिंधुदुर्गाकडच्या भजनी बुवांच्या डबलबारीचा, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्याचा, मुंबईतला इतिहासही याच वाटेने जातो.

वहीतील प्रत्येक गीताचे शेवटचे कडवे आपण बारकाईने वाचावे. शाहीर तेथे आपले नाव, गुरूचे नाव आणि पुष्कळदा गाव गुंफतो. आधीच्या काही गीतांत फक्त गावाचा उल्लेख आणि नंतरच्या गीतांत चाळीचा किंवा नाक्याचा उल्लेख आढळला, तर हा माणूस मनाने मुंबईकर केव्हा होऊ लागला हे त्यावरून जवळजवळ तारखेनिशी समजेल. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. त्यानंतर अनेक जण कायमचे गावी गेले, जे राहिले त्यांच्यातले पुष्कळ जण विरार, नालासोपारा, दिवा, डोंबिवली असे पांगले, आणि तालमीही त्यांच्यामागोमाग तिकडे गेल्या. वहीतील पाने त्या सुमारास थांबतात की पुढे चालू राहतात, हे आम्हाला अवश्य कळवा.

प्रश्न : स्थलांतराची गाणी म्हटली की गिरणी कामगार, शाहीर, तमाशा यांचीच चर्चा होते. ज्या स्त्रिया गावी राहिल्या त्यांनी काहीच म्हटले नाही का? (एक वाचक, दादर)

उत्तर : त्यांनी सर्वांत जास्त म्हटले. ते कोणाला ऐकवण्यासाठी नसल्यामुळे छापले गेले नाही, एवढेच. पहाटे जात्यावर बसून गायलेल्या ओव्यांत मुंबईला नोकरीला असलेला भाऊ, लेक आणि धनी वारंवार भेटतात. तिथे आगगाडी येते, मोटार येते, वाट पाहून लांबलेला सण येतो. गी पॉयतवाँ आणि हेमा रायरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या एक हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, आणि ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’च्या संकेतस्थळावर त्यांतल्या कितीतरी ओव्या गाणाऱ्या बाईच्या नावागावासह ऐकायला मिळतात. ज्यांना ‘काहीच म्हटले नाही का’ असा प्रश्न पडतो त्यांनी त्यांतल्या एका गावच्या ओव्या एका बैठकीत ऐकून पाहाव्यात.

ओवी ऐकताना एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. शाहिराचे गाणे फडात समोरच्या माणसांना उद्देशून असते. ओवीतली हाक मात्र जात्याला, शेजारणीला, आईला, तर कधी दूर असलेल्या भावाला असते. जे घरात उघड बोलता येत नव्हते ते ओवीत बोलता येत असे, कारण दळणाच्या वेळी सासुरवाशिणीला गप्प बसवण्याची रीत नव्हती. म्हणून परगावी गेलेल्या नवऱ्याविषयीचा राग, त्याच्या पैशांतून घरात आलेल्या वस्तूचा आनंद, आणि तो तिकडे कसा राहत असेल याची काळजी ही तिन्ही एकाच बाईच्या लागोपाठच्या ओव्यांत येऊ शकतात. पिठाच्या गिरण्या गावोगाव झाल्या आणि जाते बंद पडले. कष्ट वाचले हे फार चांगले झाले, पण त्याबरोबर गाण्याची ठरलेली वेळही गेली आणि पुढच्या पिढीच्या कानावर ओव्या पडणे थांबले.

या विरहाची दुसरी बाजू मुंबईतून गायली गेली. सातारा-सांगलीकडून आलेला कामगार लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशा पाहायला जाई, तो गावच्या जत्रेची उणीव भरून काढण्यासाठी. मुंबईच्या वैभवाची लावणी पठ्ठे बापूरावांनी रचली होती. तिच्यात न दिसलेली कामगारांची मुंबई अण्णा भाऊ साठे यांनी आपल्या लावणीत आणली. वाळवे तालुक्यातल्या वाटेगावाहून लहानपणी मुंबईत आलेल्या अण्णा भाऊंनी 1944 साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे केले. गावी राहिलेल्या मैनेची त्यांची सुप्रसिद्ध छक्कड (लावणीचाच एक प्रकार) मुंबईला आलेल्या नवऱ्याच्या वियोगाने सुरू होते आणि पुढे तोच वियोग संयुक्त महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या बेळगाव, कारवार, डांग या भागांच्या तुटलेपणाशी जोडते. ज्या श्रोत्यांनी घर सोडल्याचे दुःख रोज अनुभवले होते, त्यांना तुटलेल्या प्रांताचे दुःख वेगळे समजावून सांगावे लागले नाही. राजकीय गाणे लोकगीताच्या रूपात का आले, असे कोणी विचारले तर आम्ही हेच उदाहरण देऊ. नाशिक जिल्ह्यातल्या देशवंडीहून आलेले आणि गिरणीत राबलेले वामनदादा कर्डक यांच्या आणि त्यांच्या आधीच्या आंबेडकरी जलशांच्या गाण्यांनी तर गावाची आठवण काढणेच नाकारले, कारण ज्या गावाने पाणी नाकारले त्याचा विरह कशासाठी? स्थलांतर म्हणजे केवळ ताटातूट नव्हे, काहींसाठी ती सुटका होती, हे या गाण्यांनी ठामपणे सांगितले.

प्रश्न : कोळी हे मुंबईचे मूळ रहिवासी. लग्नाच्या हळदीला वाजतात ती कोळीगीते त्यांची अस्सल पारंपरिक गाणी आहेत का? (एक वाचक, वर्सोवा)

उत्तर : हळदीला ध्वनिक्षेपकावरून वाजणारी बहुतेक गाणी गेल्या साठ-सत्तर वर्षांत ध्वनिमुद्रिकांसाठी, नभोवाणीसाठी आणि पुढे कॅसेटसाठी रचली गेली. त्यांतली काही अत्यंत लोकप्रिय गीते कोळी नसलेल्या नामवंत कवींची आहेत. ती वाईट आहेत असे मुळीच नाही; कोळीवाड्यांनीही ती आपली म्हणून स्वीकारली आहेत आणि त्यांवर पिढ्या नाचल्या आहेत. पण त्याच घरात, त्याच दिवशी, मांडवाच्या आतल्या बाजूला जे म्हटले जाते ते वेगळे आहे, आणि तेच जुने आहे.

तेथे धवलारीण बसलेली असते. कोळी आणि आगरी समाजात लग्नविधीची धवळे गाणारी ही वयस्क स्त्री. काही ठिकाणी, विशेषतः आगऱ्यांमध्ये, लग्न लावण्याचा मानही तिचाच. वाद्य नसते. ती एक ओळ लांबवून म्हणते, बाजूच्या बायका ती उचलतात, आणि मांडव घालणे, देवतांना निमंत्रण, हळद दळणे, हळद लावणे असा एकेक विधी त्या गाण्यानेच पुढे सरकतो. कार्ल्याच्या एकवीरेपासून वेशीवरच्या देवापर्यंत सर्वांना नावे घेऊन आवतण जाते. धवळे हा प्रकार मराठीत किती जुना आहे याची कल्पना यावी म्हणून सांगतो : तेराव्या शतकात महदंबेने रुक्मिणीस्वयंवरावर रचलेले धवळे हे मराठीतल्या आद्य स्त्रीरचनेत गणले जातात.

आपल्या वर्सोव्यात अजून कोणी धवलारीण असतील, तर त्यांचे देवतांना निमंत्रण देणारे गाणे आधी उतरवून घ्यावे. त्यात येणारी स्थळांची नावे क्रमाने लिहिली की भराव घालून बेटे जोडली जाण्यापूर्वीच्या किनाऱ्याचा, तिथल्या देवस्थानांचा आणि सोयरिकींचा माग लागू शकतो. मुख्य म्हणजे लग्नाच्या गर्दीत नव्हे, तर दुसऱ्या एखाद्या शांत दिवशी त्यांच्या सोयीने जाऊन विचारावे.

प्रश्न : आमच्या शेजारी ईस्ट इंडियन कुटुंब आहे. त्यांच्या लग्नात चर्चमधला विधी झाला, पण आदल्या दिवशी बायका लुगडी नेसून मराठी गाणी म्हणत विहिरीवर गेल्या. हे मिश्रण कधीचे? (एक वाचक, मरोळ)

उत्तर : 1534 च्या तहाने वसई आणि तिच्याबरोबर मुंबईची बेटे पोर्तुगिजांकडे गेली, आणि त्यानंतर उत्तर कोकणातल्या अनेक कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. धर्म बदलला तरी शेती, मासेमारी, बोली आणि लग्नातली रीत पुष्कळ अंशी तीच राहिली. 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, पुढे इंग्रज आले, आणि गोव्याहून नोकरीसाठी आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून आपली ओळख वेगळी राहावी म्हणून या स्थानिक समाजाने 1887 साली ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. म्हणजे नाव बाहेरचे वाटले तरी माणसे येथलीच आहेत.

आपण पाहिलेला विधी ‘उंबराचे पाणी’ या नावाने ओळखला जातो. नवऱ्यामुलाच्या किंवा नवरीच्या स्नानासाठी विहिरीचे पाणी वाजतगाजत आणायचे आणि वाटेत बायकांनी गाणी म्हणायची. त्या गाण्यांतली मराठी वसईच्या, गोराई-मनोरीच्या आणि मुंबईतल्या गावठाणांच्या बोलींची आहे. मध्येच एखादा पोर्तुगीज शब्द येतो, साथीला घुमट हे मातीचे तालवाद्य असते आणि हल्ली ब्रास बँड. आता विहिरी बुजल्या किंवा झाकल्या गेल्या, तरी पुष्कळ कुटुंबे हा विधी सोडत नाहीत. मरोळसारख्या गावठाणात विहीर कोठे होती हे आपल्या शेजाऱ्यांना विचारलेत, तर गाण्याबरोबर गावाचा जुना नकाशाही हाती लागेल.

प्रश्न : बेने इस्रायली लोक मराठीत कीर्तन करत असत, हे खरे आहे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : खरे आहे. परंपरेनुसार या मराठीभाषक ज्यू समाजाचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटून लागले, आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ते ‘शनवार तेली’ या नावाने कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यात ओळखले जात. अठराव्या शतकात त्यांतले बरेच जण मुंबईत आले. त्यांचे पहिले सभास्थान (सिनेगॉग) मुंबईत 1796 साली उभे राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी हरिदासी कीर्तनाचा साचा घेतला आणि पदे, साक्या, दिंड्या यांतून योसेफ, मोशे, दावीद यांची आख्याने मराठीत सांगितली. घरातल्या मलिद्याच्या विधीत एलियाहू संदेष्ट्याचे स्मरण होते, आणि त्यालाही मराठी गाण्यांची जोड आहे. 1948 नंतर समाजाचा मोठा भाग इस्रायलला गेला आणि तेथे लोद, अश्दोद, दिमोना अशा शहरांत मराठी गाणी पोहोचली. कोकणातून मुंबईत आणि मुंबईतून परदेशात असा दुहेरी प्रवास केलेल्या मराठी लोकगीतांचे याहून बोलके उदाहरण आम्हाला माहीत नाही.

प्रश्न : उत्तर भारतीयांचा बिरहा, गोव्याच्या लोकांची कोकणी गाणी, गुजराती गरबा हेही मुंबईचे लोकसंगीत मानावे का? (एक वाचक, जोगेश्वरी)

उत्तर : मानावे. तियात्र या कोकणी संगीत-नाट्यप्रकाराचा पहिला प्रयोग 1892 साली गोव्यात नव्हे, तर मुंबईत झाला, कारण प्रेक्षक येथे होते : बोटींवर, हॉटेलांत आणि घरकामाला असलेले, धोबीतलावच्या आसपास गावोगावच्या ‘कुडां’त राहणारे गोवेकर. आमच्या लालबागच्या वाचकांनी वर्णन केलेली गावकीची खोली आणि गोवेकरांचे कूड यांत किती साम्य आहे, ते लक्षात यावे. भोजपुरी गाण्यांत नवऱ्याला घेऊन जाणाऱ्या रेल्वेला बायको सवत म्हणते. आपल्या ओव्यांतल्या बायकांना ते लगेच समजले असते. शेजारी राहणाऱ्यांची गाणी आपण ऐकत नाही, याचे कारण भाषा हे नसून त्यांच्या घरी कधी बसलो नाही, हे आहे.

प्रश्न : माझ्या आजीच्या आवाजातल्या गौरीच्या गाण्यांची 1980 च्या दशकातली एक कॅसेट घरात आहे. ती लावायला भीती वाटते. काय करावे? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : भीती योग्य आहे, लगेच लावू नका. प्रथम कॅसेटच्या वरच्या कडेला असलेल्या दोन लहान प्लास्टिकच्या पट्ट्या तोडून टाका. त्या तोडल्या की चुकून त्यावर दुसरे काही ध्वनिमुद्रित होण्याचा धोका टळतो. नंतर खिडकीपाशी धरून फितीची कडा पाहा. मुंबईच्या दमट हवेत तीवर पांढुरकी बुरशी धरते. बुरशी दिसली तर कॅसेट यंत्रात अजिबात घालू नये, जाणकाराकडे द्यावी, कारण बुरशी यंत्राच्या शीर्षाला (हेडला) लागून पुढच्या कॅसेटही खराब करते. फीत स्वच्छ असेल तर चांगल्या, साफ केलेल्या यंत्रावर ती एकदाच पुढे आणि एकदाच मागे सावकाश गुंडाळून घ्यावी, म्हणजे चिकटलेले थर मोकळे होतात, आणि लगेच संगणकावर उतरवून घ्यावी. उतरवताना एमपी-थ्री न निवडता ‘वेव्ह’ या स्वरूपात, 48 किलोहर्ट्झ आणि 24 बिट ठेवून उतरवावे. आवाज ‘सुधारू’ नये. मागची कुजबूज, भांड्यांचा आवाज, मध्येच कोणी हसलेले, सगळे ठेवावे. प्रती दोन वेगळ्या ठिकाणी असाव्यात.

त्यानंतरचे काम अधिक महत्त्वाचे आहे आणि ते घरातली वडीलधारी माणसे आहेत तोवरच होऊ शकते. कॅसेटवर ऐकू येणारे इतर आवाज कोणाचे, आजीचे माहेर कोणते आणि सासर कोणते, हे गाणे तिने कोणाकडून घेतले, गौरी आणताना म्हणायचे की जागरणाला, फेर कोणी धरला, आजी मुंबईत कोणत्या साली आली आणि इथे तिच्याबरोबर ही गाणी म्हणणाऱ्या शेजारणी कोणत्या गावच्या होत्या, हे विचारून लिहून ठेवा. शब्द उतरवताना बोली प्रमाण मराठीत बदलू नका. न कळलेला शब्द जसा ऐकू आला तसा लिहून पुढे प्रश्नचिन्ह करा. दोन आत्यांनी एकच ओळ दोन प्रकारे सांगितली तर दोन्ही लिहा, कारण एक आत्या माहेरचे म्हणत असेल आणि दुसरी चाळीतले. लिहून झाल्यावर त्याची एक प्रत आजीच्या गावच्या ग्रंथालयात द्यावी, आणि घरातल्या सर्वांची संमती असेल तर एक प्रत आमच्याकडेही पाठवावी.